स्टॉपर मबरूकभाई

मबरूकभाईंचा चेहरा माझ्या परिचयाचा नंतर झाला. आधी ओळख झाली ती त्यांच्या पाठीची. मी गोलकीपर आणि ते स्टॉपर, म्हणजे गोलच्या पुढ्यात उभं राहून समोरचा हल्ला तोडणारे. आमच्या खात्याच्या फुटबॉल संघात आम्ही बरीच वर्षं एकत्र खेळलो, आणि त्यातला बहुतेक वेळ मला त्यांची रुंद पाठ, घामानं चिकटलेला निळा शर्ट आणि मानेवरचे आखूड, दाट कुरळे केस एवढंच दिसायचं. पण तेवढं पुरायचं. उजवा खांदा किंचित खाली गेला की समजावं, भाई आता उजवीकडे झेपावणार. दोन्ही हात कमरेवर गेले की समजावं, आपल्यापैकीच कुणीतरी गाढवपणा केलाय.

हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलं. त्या काळी हैदराबादेत चांगला खेळणाऱ्या पोराला सरकारी खाती नोकरी द्यायची. मी तसाच लागलेला. वडील उदगीरजवळची कोरडवाहू जमीन भावांच्या हवाली करून इथे कारकुनीला आले होते, आणि चिक्कडपल्लीच्या दोन खोल्यांत वाढलेला मी काटकुळा मुलगा गोलपोस्टच्या मधे उभा होतो. जाळीही नवी, मीही नवा. समोरून एक उंच, काळाभोर माणूस सावकाश चालत आला.

"नाम क्या बोले?"

"बिरादार."

"पूरा बोलो मियाँ. नाम आधा रखे तो आदमी बी आधाच रहता."

"वसंत मारुतीराव बिरादार."

त्यांनी ते नाव तोंडातल्या तोंडात एकदा म्हणून पाहिलं. मग मान हलवली. "हौ. वसंतराव. देखो, गेंद के पीछे नक्को भागो. मेरी पीठ देखो. मैं जिधर झुका, गेंद उधरिच आती."

संघातले बाकीचे मला 'मरहट्टा' म्हणायचे, पुढे गोलकीपर म्हणून नुसतं 'गोली' झालं. मबरूकभाईंनी मात्र कधी 'वसंतराव'खेरीज दुसरी हाक मारली नाही. माळ्याला, बूट शिवणाऱ्याला, चहाच्या हॉटेलातल्या पोऱ्याला, सगळ्यांना ते आधी पूर्ण नाव विचारायचे आणि त्याच नावानं बोलवायचे. मला ती एक लकब वाटायची. तिचं मूळ पुढे हळूहळू समजत गेलं.

मबरूकभाई एसी गार्ड्स या वस्तीतले. हैदराबादेत हे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असतं, रिक्षावाले त्याचे भाव सांगतात, पण त्यातलं 'एसी' म्हणजे 'आफ्रिकन कॅव्हलरी', आफ्रिकी घोडदळ, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. निजामाच्या पदरी आफ्रिकेतून आलेल्या घोडेस्वारांची एक तुकडी होती. संस्थान गेलं, घोडे गेले, तुकडी गेली. माणसं मात्र तिथेच राहिली. मबरूकभाईंचे पणजोबा त्या तुकडीतले. वडील लग्नांमध्ये मरफा वाजवायचे. मरफा म्हणजे त्या लोकांचा ढोल. तो वाजायला लागला की हैदराबादेतलं कुठलंही लग्न, कुठल्याही जातीधर्माचं असो, जागं होतं. असं असूनही ज्या शहरात त्यांच्या चार पिढ्या वाढल्या, त्याच शहरात रस्त्यावर कुणीतरी थांबून विचारायचं, "आप किस मुल्क के हैं?" मैदानावर तर विचारायचीही गरज नसायची. प्रतिस्पर्धी त्यांना 'हब्शी' म्हणायचे, 'कालू' म्हणायचे. नाव कुणी विचारत नसे.

माझ्या आईनंही तोच प्रश्न विचारला होता, पण तिचं विचारणं वेगळं होतं. एका रविवारी सराव संपवून मी भाईंना घरी जेवायला घेऊन आलो. आईनं दारात त्यांना पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला आणि आपल्या उदगिरी हिंदीत म्हणाली, "तुम कौनसे देस के, बाबा?"

"इधरिच का हूँ अम्मा. एसी गार्ड. नामपल्ली के आगे."

"नव्हं, त्याच्या आदी?"

मी प्रश्न हिंदीत करून सांगितला. भाई म्हणाले, "उसके पहले बी एसी गार्ड, अम्मा. बावा बी, दादा बी, परदादा बी."

आई माझ्याकडे वळली. "वसंता, म्हंजे हे तर आपल्याहून जुने हैदराबादी की रे! आपणच इथले पावनं. बस म्हणावं त्यास्नी, पाट घे."

हे समजल्यावर भाई दाराच्या चौकटीला धरून हसले. मग ज्वारीची भाकरी, वरण आणि आईचा हिरव्या मिरचीचा ठेचा असं मांडी घालून जेवले. पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अम्मा, ये तो आप पेनल्टी मार दिए!" त्या दिवसापासून आमच्या घरात ठेच्याचं नाव पेनल्टी. आई जाईपर्यंत ती मला विचारायची, "तुझा मबरूक कधी येणार? पेनल्टी करून ठेवू का?"

आता जे सांगायचं आहे ते जरा अवघड आहे. एका बाहेरगावच्या स्पर्धेसाठी आम्ही नामपल्ली स्टेशनवरून गाडीनं गेलो होतो. गावाचं नाव मी सांगत नाही, कारण तिथे आम्हाला प्रेमानं वागवणारी माणसंही भेटली. खेळ सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. माझ्या गोलमागच्या पायऱ्यांवरून माकडाचे आवाज येऊ लागले. आधी मला वाटलं, पोरं मला चिडवतायत. मग लक्षात आलं, चेंडू मबरूकभाईंकडे आला की आवाज येतो, गेला की थांबतो. पुढे केळीची सालं आली. मी गोलमध्ये उभा होतो, त्यामुळे संघातल्या इतर कुणाहीपेक्षा मला ते जास्त ऐकू येत होतं. एकेक शब्द.

आमचा कॅप्टन पंचाकडे धावला. पंचानं खांदे उडवले. कॅप्टन तापून परत आला. "भाई, चलो बाहर. नहीं खेलते हम."

मबरूकभाईंनी मान हलवली. "बाहर गए तो कल पेपर में आएगा, हैदराबाद भाग गया. काइकू भागा, वो कोई नहीं लिखते. खेलो."

मग ते माझ्या जवळ आले. बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकले आणि वर न बघता म्हणाले, "वसंतराव, तुमें सुन रहे क्या?"

"हौ भाई."

"नक्को सुनो. पूरे ग्राउंड में मेरेकू एक आदमी होना, जो नहीं सुना."

मी मान डोलावली. उरलेला सगळा वेळ मी स्वतःशीच मोठ्यानं बोलत राहिलो, ओरडून सूचना देत राहिलो, आईनं शिकवलेली रामरक्षासुद्धा म्हटली, कानात दुसरं काही जाऊ नये म्हणून. असल्या गोष्टी सांगताना शेवटी सामना आपणच जिंकला असं सांगायला कुणालाही आवडेल. आम्ही हरलो. भाई मात्र त्या दिवशी जसे खेळले तसे मी त्यांना पुन्हा खेळताना पाहिलं नाही. एकही चूक नाही, एकही धक्काबुक्की नाही. खेळ संपल्यावर समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड येऊन त्यांच्या गळ्यात पडला आणि त्यानं स्वतःच्या गावातर्फे माफी मागितली. भाईंनी त्यालाही पूर्ण नाव विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या गाडीत ते खिडकीशी बसले होते. त्यांच्या घरी नुकतीच मुलगी झाली होती, रुकय्या. बाहेर बघत ते म्हणाले, "गुस्सा तो आया वसंतराव. लेकिन गुस्से से जास्ती शरम आई. मेरेकू काइकू आई, वोच समझ में नहीं आ रा. शरम तो उनकू आना था."

मी त्यांच्याजवळ सरकून बसलो.

"कल रुकय्या बड़ी होके पूछी, अब्बा, वो लोगां तुमना क्या बोल रहे थे, तो क्या बोलूँ उसकू?"

बाहेर तेलंगणातले काळे खडक आणि ताडाची झाडं मागे पडत होती. मग त्यांनीच स्वतःला उत्तर दिलं. "बोलूँगा, उनकू मेरा नाम नहीं मालूम था."

त्यांच्या खेळाचा शेवट आमच्याच शहरात, आमच्याच मैदानावर झाला. स्थानिक स्पर्धेचा शेवटचा सामना. उजवीकडून उंच चेंडू आला, मी उडी मारून पकडला आणि तो माझ्या हातातून निसटला. गोलकीपरला अशा वेळी विचार करायला सवड नसते. मी चेंडूवर झेपावलो, डोकं पुढे. समोरच्या खेळाडूचा पाय आधीच सुटला होता. त्याची चूक नव्हती. त्याला मी दिसलोच नसणार. मला फक्त बुटाचा तळ दिसला, आणि मग मधे काहीतरी काळं, लांब आलं. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला.

मी डोळे उघडले तेव्हा चेंडू माझ्या छातीशी होता आणि मला खरचटलंसुद्धा नव्हतं. मबरूकभाई शेजारी उताणे पडले होते. त्यांचा गुडघा पाहवत नव्हता.

"गेंद पकड़े क्या?" त्यांनी विचारलं.

"पकड़ा भाई."

"हौ. फिर ठीक है."

त्यानंतर काही आठवड्यांनी त्यांना राष्ट्रीय संघाच्या निवड शिबिरासाठी जायचं होतं. सगळ्या वस्तीनं ती बातमी ऐकली होती, त्यांच्या वडिलांनी मरफ्याला नवं कातडं चढवलं होतं. भाई गेले ते थेट इस्पितळात. त्या काळात गुडघ्याच्या शस्त्रक्रिया आजच्यासारख्या नव्हत्या. पाय वाचला, खेळ गेला. पुढच्या सगळ्या आयुष्यात ते उजवा पाय जरा बाजूला फेकत चालले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "पुराना मकान है मियाँ, एक खंबा टेढ़ा हो गया." कुणामुळे झाला, हे त्यांनी एकदाही, चुकूनही सांगितलं नाही. माझ्यासमोर नाही आणि माझ्यामागेही नाही. हे मला इतरांकडून कळलंय. आजही दाढी करताना मी कधीकधी कपाळाच्या डाव्या बाजूला, जिथे तो बूट बसला असता तिथे, बोट लावून पाहतो. तिथे काही नाही. काही नाही, हीच भाईंची खूण.

खात्यानं त्यांना खुर्चीवर बसवलं. टपाल घ्यायचं, शिक्का मारायचा. त्या कामात त्यांचा जीव रमला नाही, पण कुरकुरलेही नाहीत. त्यांचा खरा दिवस संध्याकाळी सुरू व्हायचा. एसी गार्ड्सच्या त्यांच्या गल्लीत तेव्हा नळाला पाणी येत नसे. टँकर यायचा, भांडणं व्हायची, बायकांच्या घागरी फुटायच्या. एका संध्याकाळी टँकरपाशी एका गरोदर बाईला धक्का लागून ती पडली. मबरूकभाई दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून पाणी खात्याच्या कचेरीत गेले. साहेब भेटले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुन्हा गेले. मग जातच राहिले. बाकावर बसायचे, साहेब आत जाताना उठून सलाम करायचे, बाहेर येताना उठून सलाम करायचे. शेवटी तो अधिकारीच वैतागून म्हणाला, "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?" भाई म्हणाले, "पानी, साब. और कुछ नक्को."

असं करता करता लोकांची कामं त्यांच्याकडे येऊ लागली. विधवेचं पेन्शन, तुंबलेलं गटार, शाळेतला दाखला. मी एकदा म्हटलं, "भाई, इतकं करता तर निवडणुकीला उभे का राहत नाही?" त्यांनी मला जे उत्तर दिलं ते मी पुढे अनेकांना ऐकवलं आहे. "वसंतराव, ये लीडर लोगां सब के सब फॉरवर्ड हैं. सबकू गोल मारनाच है, फोटो खिंचानाच है. पीछे कोई नहीं रुकता. मैं तो स्टॉपर आदमी."

"म्हणूनच," मी म्हटलं.

मुदतीआधी निवृत्ती घेऊन ते पालिकेच्या निवडणुकीला अपक्ष उभे राहिले. पहिल्या वेळी पडले. दुसऱ्या वेळी प्रचारात मी आणि माझी बायको लता रोज त्यांच्याबरोबर फिरलो. एका कोपरासभेत विरोधकांचा एक माणूस उठून ओरडला, "हब्शी कू वोट देके क्या करना? मरफा बजवाना क्या?" सभा एकदम गार झाली. मला ते बाहेरगावचं मैदान आठवलं. भाईंनी माइक जवळ घेतला.

"हौ मियाँ, मरफा बी बजाऊँगा. वो तो मेरे बावा का काम है. लेकिन पानी आने के बाद."

लोक इतके हसले की तो माणूसही हसला. त्या वेळी भाई निवडून आले. नव्या पाइपलाइनचं पाणी गल्लीत पहिल्यांदा आलं त्या सकाळी ते घरातून वडिलांचा मरफा गळ्यात अडकवून बाहेर पडले आणि नळापाशी उभं राहून, तो वाकडा पाय तालात टाकत, त्यांनी असा काही मरफा वाजवला की बायकांनी भरलेल्या घागरी खाली ठेवून फेर धरला. लतासुद्धा नाचली. आमच्या लग्नातसुद्धा ती माझ्या आग्रहाला बधली नव्हती.

कॉर्पोरेटर म्हणून ते सगळ्यांत जास्त ज्यासाठी ओळखले गेले आणि ज्यापायी त्यांची खुर्ची गेली, ती गोष्ट मैदानाची. वस्तीत एकच मोकळं मैदान होतं. भाई लहानपणी अनवाणी तिथेच खेळलेले. तिथे लग्नकार्यांसाठी मोठा फंक्शन हॉल बांधायची योजना आली. मागे बडी मंडळी होती, आणि खरं सांगायचं तर वस्तीतल्या बऱ्याच जणांनाही तो हॉल हवा होता. हैदराबादेत गरिबाला मुलीच्या लग्नापेक्षा लग्नाच्या जागेची चिंता जास्त. भाईंनी मैदानावरच सभा बोलावली. मैदान का राखायचं ते ते मनापासून बोलले. बोलून झाल्यावर फातिमाबी नावाच्या एक म्हाताऱ्या बाई उठल्या. चार मुलींची लग्नं करून थकलेल्या.

"मबरूक बावा, एक बात बोलूँ? तुम्हारे मैदान पे खेलने वाले कित्ते? शादी तो हर घर में होती."

मी भाईंकडे पाहिलं. त्यांनी उत्तर असल्याचं सोंग केलं नाही. "सच बोल रहे आप, फातिमाबी," ते म्हणाले. "मेरेकू सोचने दो."

विचार करून ते जे घेऊन आले ते साधंच होतं. मैदान मोकळं राहील. कडेला एक पक्का ओटा, नळ, दिवे आणि बायकांसाठी मोरी-संडास बांधून घेऊ. सकाळी खेळ, संध्याकाळी ज्याच्या घरी लग्न त्याचा मांडव. कुणाला भाडं नाही. फातिमाबींनी मान डोलावली. बड्या मंडळींनी नाही डोलावली. त्यांचा हॉल गेला होता. भाईंना निरोप आले, समजावणारे आले, मग धमकावणारे आले. घरी रुकय्यानं एकदा काळजीनं विचारलं, "अब्बा, इत्ता काइकू?" तर म्हणाले, "बेटा, आदमी कू साँस लेने कू कोई तो जगह होना." पालिकेच्या सभेत ते एकटे उभे राहिले, तासभर बोलले, आणि मैदान राहिलं.

पण त्याची एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. मांडवाच्या खुंट्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मांडववाले लोखंडी खुंट्या उपटून नेत, आणि जमिनीत भोकं राहत. धावणाऱ्या पोराचा पाय त्यात गेला तर घोटा मोडायचाच. पहिल्या लग्नानंतरच्या सकाळी मी सहज तिकडे गेलो, तर शहराचा निवडून आलेला प्रतिनिधी घमेल्यात माती घेऊन मैदानभर फिरत होता. एकेका भोकाशी बसायचं, माती भरायची, वर पाणी शिंपडायचं, मुठीनं ठोकायचं. त्यांचा गुडघा नीट वाकत नसे, म्हणून ते उजवा पाय लांब पसरून जमिनीवर चक्क बैठक मारायचे. मग हातावर जोर देऊन उठायचे, पुढच्या भोकाशी जायचे.

"भाई, हे पालिकेच्या माणसांना सांगा ना."

"बोला मैं. दोपहर कू आएँगे बोले. बच्चे तो अब्बी आएँगे." मग मला घमेलं दाखवून म्हणाले, "खड़े काइकू हैं वसंतराव? बैठो."

मी बसलो. पुढे ते माझंही काम झालं. लग्नसराईत तर रोजचं. बेगम बाजारातून आम्ही दोघांसाठी दोन छोटी घमेली आणि थापी आणली. पुढच्या निवडणुकीत बड्या मंडळींनी सगळं बळ विरुद्ध लावलं आणि भाई पडले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांचं सांत्वन करायला घरी गेलो तर ते घरी नव्हते. आदल्या संध्याकाळी कुणाचं तरी लग्न होतं. ते मैदानावर पाय पसरून बसले होते.

त्याच मैदानावर पोरं खेळली, आणि पुढे पोरीही. पोरींनी खेळावं की नाही यावर कुरबूर झाली तेव्हा रुकय्या स्वतः सलवारीवर बूट घालून उतरली. ती तेव्हा शाळेत शिक्षिका होती. भाई ओट्यावर बसून तिला हसत ओरडत होते, "पीठ देखो बेटा, गेंद नक्को देखो!"

गेल्या वर्षी त्यांची मूत्रपिंडं थकली. डायलिसिससाठी दर आठवड्याला इस्पितळाच्या फेऱ्या सुरू झाल्या. मी त्यांना सोबत करायचो. एका दुपारी सुईनळ्या लावून ते पडले होते आणि मी शेजारच्या स्टुलावर संत्रं सोलत होतो. मला वाटलं, आता नाही बोललो तर राहूनच जाईल.

"भाई, त्या दिवशी तुम्ही पाय घातला नसता तर मी आज नसतो. माझा संसार, माझी मुलं, नातवंडं, सगळं तुमच्या गुडघ्यावर उभं आहे. हे मी कधी बोललो नाही."

हे मी मराठीतच बोललो. त्यांना मराठी इतक्या वर्षांत चांगलीच कळत होती. त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"वसंतराव, तुमना एक बात मालूम नहीं. पहले तुमें सर डाले. एक गेंद के वास्ते. मैं देखा, ये आदमी अपना सर डाल दिया, तो मैं क्या टाँग बी नहीं डालना?" आणि संत्र्यासाठी हात पुढे करत म्हणाले, "दो इधर. डॉक्टर एकिच फाँक बोला, दो देना."

इतकी वर्षं मी समजत होतो की माझ्यावर त्यांचं ऋण आहे. त्यांच्या लेखी तो दोघांनी मिळून खेळलेला एक चेंडू होता. मी त्यांना दोन फोडी दिल्या.

मार्चमध्ये ते गेले. जनाज्याला एसी गार्ड्सपासून कब्रस्तानापर्यंत रस्ता भरला होता. खांदा द्यायला इतके लोक की माझी पाळी येते की नाही असं वाटलं. पण गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "गोली कू आने दो," आणि लोकांनी वाट करून दिली. फातिमाबी आता चालू शकत नाहीत. त्या रस्त्याच्या कडेला खुर्चीत बसून होत्या, जनाजा समोरून जाईपर्यंत हात उचलून दुआ मागत.

तिसऱ्या दिवशी जियारत, म्हणजे तिसऱ्याची दुआ, झाली. मशिदीतून परत आल्यावर आम्ही जवळची माणसं भाईंच्या घराच्या व्हरांड्यात बसलो होतो. रुकय्या आत होती. लतानं आणलेलं जेवण तसंच झाकून ठेवलेलं. एवढ्यात गल्लीतून चारपाच बायका घाईघाईनं आल्या. पुढच्या बाईच्या हातात पाण्याची बाटली होती, आत पिवळसर गढूळ पाणी. दारापाशी येऊन तिनं सवयीनं हाक मारली, "भाई! ओ मबरूक भाई, देखो तो पानी..."

आणि ती थांबली. तिनं तोंडावर पदर घेतला. बाकीच्या बायकाही गोठल्या. त्या माघारी वळल्या.

"ठहरो."

रुकय्या बाहेर आली होती. डोळे सुजलेले, डोक्यावर पांढरी ओढणी. तिनं बाटली हातात घेतली, झाकण उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"कब से आ रा ये?"

"सुबू से, आपा. बच्चे पी लिए."

"किसी का पेट दुख रा क्या?"

"मेरे छोटे का."

"उसकू पहले दवाखाने ले जाओ. उबला पानी मेरे घर से ले लो. बाकी चलो मेरे साथ." तिनं पायात चपला सरकवल्या. मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "वसंत चाचा, आप बैठो. धूप है."

"नाही गं पोरी," मी काठी शोधत म्हणालो. "पाण्याची कचेरी मला ठाऊक आहे. जिना कुठून आहे, साहेब कुठे बसतो, सगळं."

ती पहिल्यांदाच थोडीशी हसली. मग तिनं माझ्या कोपराला हात दिला, आणि कचेरी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून आम्ही सगळे भराभर गल्लीतून निघालो.